चोर्ला घाटातला ‘चोर’

गावच्या ग्रुपवर निवडणुकीचा ज्वर चढलेला असतो. कमेंटमध्ये एकमेकांच्या नेत्याला ‘चोर’ म्हणायची चढाओढ लागते आणि वैतागलेला ॲडमिन बॉटच्या, म्हणजे नको ते शब्द आपोआप अडवणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत ‘चोर’ हा शब्द भरून टाकतो. दोन दिवस शांतता. मग जून लागतो, पावसाची झड बसते आणि गोव्याला निघालेला कुणीतरी विचारतो, ‘चोर्ला घाट चालू हाय काय?’ प्रश्न दिसतच नाही. पुन्हा विचारतो, पुन्हा गायब. तिसऱ्यांदा विचारल्यावर बॉट त्यालाच म्यूट करतो, कारण त्याच्या लेखी या माणसानं तीनदा नियम मोडला.

यात बॉटची काही चूक नाही. त्याला ‘चोर्ला’ दिसतो तो असा: च, ओकार, र, हलन्त, ल, काना. पहिले तीन तुकडे म्हणजे ‘चोर’. शब्दाचा तुकडा जुळला तरी पकड, असं त्याला सांगून ठेवलं असेल तर तो पकडणारच. त्याच न्यायानं ‘मार’ भरला की मारुती गल्ली गेली, आणि गावातले सगळे कुमारही गेले. ‘घाण’ भरला की लाकडी घाण्याचं तेल विकणारा गेला. गल्लीतल्या कचऱ्याची तक्रार करणारा तर हमखास गेला, आणि ग्रुप काढला होता तो बहुतेक त्याच्यासाठीच. इंग्रजीत हा घोळ जुना आहे. १९९६ मध्ये स्कन्थॉर्प या इंग्लंडमधल्या गावच्या लोकांना एओएलवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी लपलेली होती.

बरं, पूर्ण शब्द जुळला तरच पकड असं सांगावं, तर मराठीची विभक्ती आडवी येते. चोराला, चोराचा, चोरांनी, चोरांनो, चोरच, चोरटे, चोरांच्याकडनं. एका शब्दाची दोन डझन रूपं सहज होतात. शिवी देणारा तर कधीच प्रथमेत देत नाही, तो संबोधनातच देतो. म्हणजे यादीत ‘चोर’ आणि कमेंटमध्ये ‘अरे चोरांनो’. बॉट शांत.

आपल्या भागात हे सगळं चौपट होतं. बेळगावच्या एखाद्या शहर-ग्रुपवर एका दिवसात देवनागरी मराठी, रोमन मराठी, कन्नड लिपीतली कन्नड, रोमन कन्नड, दख्खनी उर्दू आणि खानापूर-कारवारकडची कोकणी असं सगळं येतं, आणि पुष्कळदा एकाच वाक्यात येतं. यादी एका भाषेची करावी तर दुसऱ्या भाषेतून शिवी सुटते. दोन भाषांची करावी तर दोन्हींत टक्कर होते. कन्नडमध्ये ‘नायी’ म्हणजे कुत्रा, भांडणात तीच शिवी. रोमनमध्ये घाईघाईनं लिहिताना लोक ती एन-ए-आय अशी उरकतात. आता आपल्याकडचा माणूस ‘नाही’ घाईत कसा लिहितो? एन-ए-आय. ही तीन अक्षरं अडवली की मराठीतला नकारच बंद. याहून नाजूक टकरीही आहेत. एका कन्नड शिवीचा रोमन अवतार आपल्याकडच्या एका सभ्य आडनावासारखाच दिसतो. त्या आडनावाच्या माणसानं स्वतःची ओळख करून द्यावी आणि ती पोस्ट अश्लील म्हणून अडकावी, यापेक्षा मोठा अपमान कुठलाही शिवराळ माणूस करू शकणार नाही.

लिपीतसुद्धा गंमत आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठतो. नव्या कीबोर्डवर खास नुक्त्याचा ऱ येतो, जुन्यावर साधा र, हलन्त आणि त्यापुढं न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, मशीनला दोन वेगळे शब्द. ‘ॲडमिन’मधल्या पहिल्या अक्षराचंही तेच. तेव्हा यादीत शब्द भरायचाच असेल तर दोन वेगवेगळ्या फोनवरून टाइप करून दोन्ही रूपं भरा. न दिसणारं जोडचिन्ह अक्षरांच्या मध्ये मुद्दाम घुसवून चाळणी चुकवणारेही आहेत. तारे, टिंबं, मधली जागा हे प्रकार तर शाळकरी पोरांनाही माहीत आहेत.

म्हणून शब्दांची यादी छोटी ठेवावी. तीस-चाळीस शब्द पुरे, आणि तेही असे की ज्यांचा चांगल्या कामासाठी उपयोग होऊच शकत नाही: आई-बहिणीवरच्या शिव्या, जातीवाचक शिव्या, जुगाराच्या ॲपची नावं. फेसबुक पेजवर हजार शब्द भरायची मुभा आहे म्हणून हजार भरू नयेत. उरलेली सगळी चाळण शब्दाला न लावता वागण्याला लावावी.

तीन कमेंट

एकाच विषयावरच्या तीन कमेंट घेऊ. विषय आपला नेहमीचाच, जमिनीचा उतारा.

पहिली: ‘उतारा कानडीतूनच देतात. मामांना वाचायला येत न्हाई. मराठीतनं द्यायला काय होतंय?’

दुसरी: ‘त्या हाफिसात बसल्यात सगळे हरामखोर. मराठी माणसाला छळायला पगार घेतात.’

तिसरी: ‘खिडकीवर बसणाऱ्या मॅडमचा नंबर कुणाकडं आहे? इथं टाका. सगळ्यांनी रोज फोन करून नम्रपणे विचारूया.’

शब्दांची चाळणी लावली तर दुसरी अडकते, पहिली आणि तिसरी सुटतात. कडक ॲडमिन असेल तर ‘सीमाप्रश्न नको’ म्हणून पहिलीही उडवतो. तिसरीत तर ‘नम्रपणे’ असा शब्द आहे, ती कुणालाच खटकत नाही. पण तीनपैकी खरी धोक्याची तिसरीच. ग्रुपमध्ये पाच हजार माणसं असतील आणि त्यातल्या शंभरांनी जरी फोन केले तरी त्या बाईचं जिणं हराम होईल, आणि तिनं तक्रार दिली तर पुरावा म्हणून तुमच्या ग्रुपचं नाव पुढं येईल. एखाद्या माणसाचा नंबर, पत्ता, फोटो, गाडीचा क्रमांक टाकून ‘बघून घ्या’ किंवा ‘विचारूया’ असं आलं की पोस्ट ताबडतोब उडवायची. चर्चा नंतर.

दुसरी कमेंट उडवू नये असं माझं मत आहे. राग आहे, तोंड खराब आहे, पण कुणा एकाला बोट दाखवलेलं नाही. लिहिणाऱ्याला खासगीत सांगावं: ‘हरामखोर’ काढा, बाकी राहू दे. फेसबुकवर कमेंट दुरुस्त करता येते. व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंतच करता येते, त्यामुळं सांगायचं तर लगेच सांगावं. दहातले सात-आठ जण ऐकतात, असा बहुतेक ॲडमिन लोकांचा अंदाज असतो. ज्याला न सांगता पोस्ट उडवली तो मात्र त्याच रात्री दुसरा ग्रुप काढतो.

पहिली कमेंट हे तर ग्रुपचं कामच. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी ग्रुपवर ‘राजकारण आणि सीमाप्रश्न वर्ज्य’ अशी पाटी लावणारे आहेत. खरं, इथं रेशनकार्डावरच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा सीमाप्रश्नच असतो. विषयावर बंदी घातली की माणसं विषय सोडत नाहीत, ती आडून बोलू लागतात, आणि आडून बोललेलं चाळायला जास्त अवघड. काही ठिकाणी तर ‘बेळगावी’ असं लिहिलं की पोस्ट उडते, काही ठिकाणी ‘बेळगाव’ असं लिहिलं की. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, ते मान्य असो वा नसो, गॅस एजन्सीच्या पावतीवर तेच छापून येणार. त्या पावतीचा फोटो टाकणाऱ्यानं काय करावं?

चाळण बारीक केली की काय होतं

हे तोंडी सांगून पटत नाही, आकडे मांडून बघू. आकडे मानलेले आहेत, हिशोब खरा आहे.

समजा पेजवर महिन्याला १,००० कमेंट येतात, त्यात खरोखर वाईट २०. मध्यम चाळणी वाईटातल्या ९० टक्के पकडते आणि चांगल्यातल्या ५ टक्के चुकून अडवते. म्हणजे वाईट १८ सापडल्या, आणि ९८० चांगल्यांपैकी ४९ अडकल्या. अडकलेल्या एकूण ६७. त्यातल्या ४९ बिनगुन्ह्याच्या.

आता चाळण बारीक करा. वाईट पकडण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांवर नेलं आणि त्यापायी चुकून अडवण्याचं प्रमाण १५ वर गेलं. वाईट १९ सापडल्या. चांगल्या अडकल्या १४७. एक जादा वाईट कमेंट पकडण्यासाठी ९८ माणसांची तोंडं दाबली.

असं होतं कारण वाईट मुळात थोडीच असतात. पाखडताना सूप जोरात मारलं की कोंड्याबरोबर तांदूळ उडतो, आणि सुपात तांदूळच जास्त असतो. म्हणून मशीननं पकडलेलं आपोआप डिलीट करायचं नाही, बाजूला ठेवायचं. यूट्यूबवर ही सोय चांगली आहे: तपासणीसाठी रोखलेल्या कमेंट ६० दिवस तशाच राहतात. गावातली यूट्यूब न्यूज चॅनलं इथंच चूक करतात. कडक सेटिंग लावतात आणि रोखलेल्यांच्या रांगेकडं महिनोन्महिने फिरकत नाहीत. ६० दिवस झाले की त्या जातात, आणि लोक म्हणतात चॅनल विकलं गेलं.

फेसबुकवर ‘हाईड’ आणि ‘डिलीट’ यांत फरक आहे, तो लक्षात ठेवा. हाईड केलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. शिवीसाठी हे बरं आहे, त्याला वाटतं आपण बोललो, भांडण वाढत नाही. पण कुणाचा नंबर किंवा पत्ता असेल तर हाईड करून काहीच साधत नाही, कारण फोन करणारे नेमके त्याचे मित्रच असणार. तिथं डिलीटच.

आधी मंजुरी मग पोस्ट, या पद्धतीचाही हिशोब करा. दिवसाला १२० पोस्ट आल्या आणि एकीवर ४० सेकंद घालवले तर ८० मिनिटं गेली. नोकरी-धंदा सांभाळून हे कोण करणार? पहिला आठवडा उत्साहात जातो, मग पोस्ट सहा-सहा तास लटकतात. शेवटी ॲडमिन डोळे झाकून सगळ्याच मंजूर करतो. म्हणजे चाळणीचं फडकं झालं. रक्ताची गरज असलेली पोस्ट दुपारी दोनला आली आणि रात्री नऊला दिसली, असंही होतं.

त्यापेक्षा मंजुरी फक्त नव्यांना लावा. ग्रुपमध्ये येऊन सात दिवस झाले नाहीत, किंवा आल्याआल्या पहिलीच पोस्ट लिंकची आहे, किंवा दहा मिनिटांत तेच वाक्य तीन ठिकाणी चिकटवलं आहे: हे तीन नियम भाषा न बघता चालतात. ते कन्नडमध्ये असो, उर्दूत असो की नुसती चित्रं असोत. फेसबुक ग्रुपला ‘ॲडमिन असिस्ट’मध्ये असे नियम बसवता येतात. टेलिग्रामला ‘स्लो मोड’ आहे, म्हणजे एका माणसाच्या दोन मेसेजमध्ये सक्तीची थांब, काही सेकंदांपासून १ तासापर्यंत. भांडण पेटलं की पाच मिनिटांवर ठेवावा. माणूस पाच मिनिटं थांबला की अर्धा राग ओसरतो, आणि कुणाचं तोंडही बंद केलेलं नसतं.

दारातच चाळायचं असेल तर प्रवेशाचे प्रश्न नीट घाला. फेसबुक तीन प्रश्न देतं. ‘तुम्ही मराठी आहात का?’ हा प्रश्न फुकट आहे. स्पॅमवाला ‘हो’ म्हणतो, आणि मराठी उत्तम बोलणारा शेजारचा कन्नड माणूस दुखावतो. ‘तुमची गल्ली किंवा गाव, आणि जवळचा बसस्टॉप लिहा’ असं विचारा. ‘अनगोळ, शेवटचा स्टॉप’ असं लिहिणारा खरा. ‘बेळगाव, इंडिया’ असं लिहिणाऱ्याचं खातं उघडून बघा.

व्हॉट्सॲपवर मशीन नाही, तुम्हीच

व्हॉट्सॲपचे मेसेज दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतात, त्यामुळं कंपनी मजकूर चाळत नाही. १,०२४ माणसांचा ग्रुप आणि चाळणी म्हणजे ॲडमिनचे दोन डोळे. २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी उडवता येतो, आणि कुणी उडवला ते नावानिशी दिसतं. ही खूण दिसते ते चांगलंच आहे. मात्र तोवर फोटो-व्हिडिओ लोकांच्या गॅलरीत उतरलेला असतो, तो तिथून निघेलच असं नाही. पहिल्या दहा मिनिटांत उडवला तर उपयोग, दुसऱ्या दिवशी उडवणं म्हणजे नुसता उपचार.

म्हणून इथं एकच सोपा नियम फार काम करतो: दोन बाणांचा फॉरवर्ड नको. एखादा मेसेज पाच किंवा जास्त हातांतून पुढं आला की त्यावर दुहेरी बाण येतो आणि ‘पुष्कळदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण लागते. या नियमाला भाषा लागत नाही, पक्ष लागत नाही, ॲडमिनची अक्कलही लागत नाही. बाण आहे, उडवला. कुणी रुसायचं कारण नाही. अडचण एकच. हेस्कॉमची वीज बंदची सूचनाही फिरत फिरत दोन बाण लावूनच येते. अशा वेळी सांगावं, स्वतः टाइप करा: कुठला भाग, कुठल्या तारखेला, किती ते किती. टाइप करणारा माणूस तारीख वाचतो, आणि निम्म्या वेळा त्याला कळतं की सूचना गेल्या वर्षीची आहे. मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण जातो, हे फसवणाऱ्यालाही माहीत असतं. तरी चिकटवणारे थोडे, ढकलणारे फार.

रक्ताच्या मेसेजचं तसंच. तारीख, रुग्णालय, रक्तगट आणि नातेवाइकाचा चालू नंबर, चारही असतील तर राहू द्या. एक नसेल तर टाकणाऱ्याला म्हणावं, आधी तुम्ही फोन लावा. २४ तासांनी मेसेज काढा, नाहीतर गरज भागल्यावरही त्या घरी महिनाभर फोन जात राहतात.

एक गोष्ट मात्र विचार न करता उडवायची: ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके आहे ती. ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान यादी’ अशा नावांनी या फाइली येतात. पत्रिका म्हणून उघडली की ॲप बसतं, ते एसएमएस वाचतं, ओटीपी पळवतं. आणि हे पाठवणारा तुमच्याच ओळखीचा असतो, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. त्यामुळं त्याला ग्रुपमधून तात्पुरतं काढा आणि साधा फोन करून सांगा. व्हॉट्सॲपवर सांगू नका, तिकडं भलताच वाचत असेल. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायला सांगा.

१ नोव्हेंबर

चाळणीची भोकं वर्षभर एकाच मापाची ठेवणं चूक. आपल्याकडं कॅलेंडर ठरलेलं आहे. १७ जानेवारी आणि १ जून हे सीमालढ्याचे हुतात्मा दिन, १ नोव्हेंबर, डिसेंबरातलं सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याची तारीख लागली की तो दिवस. शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणपती विसर्जनाच्या रात्री वेगळ्याच कारणानं तापतात.

१ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिन. ३१ च्या मध्यरात्री चन्नम्मा चौकात जल्लोष, सकाळी मूक सायकल फेरी. या दोन वेळा सोडल्या तर दिवसभर फारसं काही नसतं. तरी बहुतेक ॲडमिन ३१ ला दुपारीच ग्रुप ‘ॲडमिन ओन्ली’ करतात आणि २ तारखेला उघडतात. दीड दिवस कुलूप. त्या दीड दिवसात शेजारी दुसरा ग्रुप उगवतो, ज्याला ॲडमिन म्हणून गल्लीतलं सगळ्यात तापट पोरगं असतं.

कुलूप तासांचं ठेवा. ३१ ला रात्री ११ ते २ आणि १ ला सकाळी फेरी संपेपर्यंत. बाकी वेळ ग्रुप उघडा, पण व्हिडिओ आणि आवाजी मेसेज बंद, मजकूर चालू. व्हॉट्सॲपला असं वेगळं बटण नाही, आदल्या दिवशी नियम लिहून टाकायचा आणि मोडला की उडवायचा. आवाजी मेसेज का नको? कारण तो वाचता येत नाही, ऐकावा लागतो. तीन मिनिटांचा मेसेज ॲडमिन ऐकेपर्यंत दोनशे जणांनी ऐकलेला असतो. कुलूप असेल तेव्हा एका ॲडमिननं तासातून एकदा पक्की माहिती टाकावी: कुठला रस्ता बंद, कुठली बस चालू.

लोकांना अशा दिवशी खरं काय हवं असतं? ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरच्या मारहाणीनंतर दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. अशा वेळी निम्म्याहून जास्त मेसेज ‘कोगनोळी नाक्यावरून सोडतात काय’, ‘कोल्हापूरची एसटी निपाणीपर्यंत तरी येते काय’ असेच असतात. कडक चाळणीत ‘दगडफेक’ आणि ‘मारहाण’ भरलेले असतात. म्हणजे ज्या दिवशी माहिती लागते त्याच दिवशी ती अडते.

व्हिडिओ आला तर बघायचं कसं? आधी नंबर प्लेट. केए-२२ बेळगाव, २३ चिक्कोडी, २४ बैलहोंगल, ४९ गोकाक, एमएच-०९ कोल्हापूर. मग दुकानांच्या पाट्या. पाटीवर ६० टक्के कन्नड हा नियम २०२४ मध्ये कायद्यात आला, त्यामुळं रस्त्यावरच्या पाट्या नव्या दिसतात की जुन्या यावरून वर्षाचा अंदाज येतो, पक्का नाही तरी येतो. इंग्रजी सरकारी पाटीवर शहराचं जुनं स्पेलिंग असेल तर २०१४ च्या आधीचा असण्याची शक्यता. मग रस्ता ओला की कोरडा, लोकांच्या अंगावर स्वेटर आहे की नाही. डिसेंबरच्या घटनेच्या व्हिडिओत छत्र्या असतील तर काय समजायचं ते समजा. एवढं करूनही कळलं नाही तर ‘कुठला, कधीचा?’ एवढंच विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत बाजूला ठेवायचं.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ गटागटांत वैर पसरवण्याबद्दल आहे आणि त्यात धर्म, जात यांच्याबरोबर भाषा आणि राहण्याचं ठिकाण हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टबद्दल ॲडमिन निव्वळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं आहे. पण तुमचाही तोच हेतू दिसला तर गोष्ट वेगळी. वाईट पोस्टला अंगठा दाखवून मग ‘मी फक्त ॲडमिन’ म्हणता येणार नाही. उडवण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नाव, नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. ‘मी उडवलं होतं’ हे दाखवायला तेवढंच हाताशी राहतं.

ॲडमिन किती आणि कोण

पाचशेच्या पुढं ग्रुप गेला की तीन तरी हवेत. एकाला कन्नड वाचता येणं सक्तीचं समजा. चाळिशीच्या पुढच्या बऱ्याच मराठी माध्यमवाल्यांना ती लिपी अडते, कॉलेजातल्या पोरींना अडत नाही. तेव्हा काका लोकांनी मोठेपणा बाजूला ठेवून एखाद्या पोरीला ॲडमिन करावं. ज्या लिपीतलं आपल्याला वाचता येत नाही ते उडवायचं नाही आणि पुढंही सोडायचं नाही, वाचणाऱ्याकडं द्यायचं. नुसतं कन्नड अक्षर दिसलं म्हणून उडवलेल्यांत पाण्याच्या पाळीची सूचनाही असते. उर्दू वाचणारा चौथा मिळाला तर उत्तम.

तिघांमध्ये एक छोटा वेगळा ग्रुप असावा. उडवलेल्या प्रत्येक पोस्टचा स्क्रीनशॉट आणि कारण एका ओळीत तिथं टाकायचं: ‘नंबर होता’, ‘एपीके’, ‘दोन बाण’. ‘बरं वाटलं नाही’ असं कारण तीनदा आलं तर ॲडमिनला आठवडाभर सुट्टी द्या, थकलेला असतो. यादीत नवा शब्द भरला की पुढं तारीख लिहा आणि दोन महिन्यांनी काढून बघा. निवडणुकीत भरलेले शब्द निकालानंतर पंधरवड्यात निघाले पाहिजेत, पावसाळ्याआधी तर नक्कीच. आणि एकच ॲडमिन असलेला ग्रुप ठेवू नका. तो रुसून बाहेर पडला तर व्हॉट्सॲप सदस्यांतल्या कुणालाही आपणहून ॲडमिन करून टाकतं, आणि तो कोण निघेल याचा नेम नाही.